वेब ॲप्लिकेशन सर्व्हर चालवताना या चुका टाळा

साइट अडकली की हात आधी रीस्टार्टकडे जातो. सर्व्हर उठतो, पान उघडतं, सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. या लेखातल्या चुकांमध्ये मी हिलाच सर्वात मोठी मानतो, कारण ती बाकीच्या चुका सापडू देत नाही. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मेली की ती कुठे अडकली होती याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो.

लोक खोळंबलेले असताना साइट सुरू करावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण त्याआधी दोन मिनिटं काढा. जावा असेल तर जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एकेक धागा, कोडमध्ये कुठे आहे याची नोंद) घ्या, तोही दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा. एका डंपमध्ये थ्रेड कुठे आहे एवढंच दिसतं. तिन्ही डंपांत तोच थ्रेड त्याच ओळीवर दिसला तर तो तिथेच अडकला आहे हे कळतं. पायथॉनसाठी पाय-स्पाय हेच काम करतं. सोबत मोकळी मेमरी, डिस्क, उघडी कनेक्शन्स आणि लॉगच्या शेवटच्या काहीशे ओळी एका फाइलमध्ये टाकून ठेवा. मग खुशाल रीस्टार्ट करा.

५०२ आणि ५०४ यांत गल्लत

दोन्ही एरर एन्जिनएक्स, म्हणजे ॲप्लिकेशनच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट आत पाठवणारा वेब सर्व्हर (प्रॉक्सी), दाखवतो, म्हणून दोष एन्जिनएक्सचाच असं धरून त्याची कॉन्फिग उलटीपालटी केली जाते. ५०२ म्हणजे मागच्या ॲप्लिकेशनकडून धड उत्तर आलं नाही: ते बंद आहे, चुकीच्या पोर्टवर आहे किंवा उत्तर देता देता कोसळलं. ५०४ म्हणजे ॲप्लिकेशन आहे, पण ठरलेल्या वेळेत बोललं नाही. एन्जिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो.

५०४ दिसल्यावर ही मर्यादा ३०० सेकंद करणं हा फार वेळा दिला जाणारा आणि बहुतेक वेळा घातक सल्ला आहे. जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या टॉमकॅटमध्ये डीफॉल्टने (सेटिंग न बदलल्यास) जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. प्रत्येक संथ रिक्वेस्ट एक थ्रेड अडवते. एन्जिनएक्सची मुदत पाचपट केली म्हणून अडकलेला एकही थ्रेड सुटत नाही, आणि सगळे थ्रेड अडकले की ज्या पानांना काहीच झालेलं नव्हतं तीही उघडेनाशी होतात. मुदत वाढवण्याआधी ती रिक्वेस्ट एवढा वेळ कशावर घालवते ते शोधा.

शोध आतून बाहेर करा. सर्व्हरवरच बसून कर्ल या कमांडने थेट ॲप्लिकेशनच्या पोर्टला विचारा, मग त्याच मशीनवरून एन्जिनएक्समार्फत, मग बाहेरून. जिथे पहिल्यांदा उत्तर बिघडतं तिथे थांबा.

थेट पोर्टला ॲप्लिकेशन नीट उत्तर देतंय, एन्जिनएक्समार्फत मात्र ५०२, आणि त्याच्या एरर लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची नोंद? रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टिमवर हे बहुधा एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं काम असतं. वेब सर्व्हरला नेटवर्क कनेक्शन करू देणारा एक बुलियन (चालू-बंद सेटिंग) आहे, तो कायमचा चालू केला की झालं. त्यासाठी अख्खं एसई-लिनक्स बंद करू नका.

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या साधनाने ॲप्लिकेशन वेगळं ठेवून चालवण्याच्या डब्यात) आणखी एक खोच असते. ॲप्लिकेशन १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तो पत्ता त्या कंटेनरचा स्वतःचा, त्यामुळे बाहेरून कुणीच पोचत नाही. आत ०.०.०.० वर (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर) ऐकावं लागतं. पण बाहेरच्या मशीनवर पोर्ट उघडताना सावध राहा: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन जातात. फायरवॉल तो पोर्ट बंद दाखवतोय म्हणून निर्धास्त राहिलात, तर डेटाबेस सगळ्या जगाला उघडा असू शकतो. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर पोर्ट फक्त १२७.०.०.१ ला बांधून उघडा.

कनेक्शन पूल मोठा केला की सुटेल, ही समजूत

सीपीयू शांत, मेमरी मोकळी, तरीही साइट ठप्प. अशा वेळी मी सर्वात आधी डेटाबेसच्या कनेक्शन पूलकडे (आधीच उघडून ठेवलेल्या, आळीपाळीने वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्याकडे) बघतो. जावाच्या हिकारी-सीपी या लायब्ररीचा पूल डीफॉल्टने १० कनेक्शन्सचा असतो आणि कनेक्शन मिळालं नाही तर तो ३० सेकंद वाट पाहून एरर देतो. लॉगमध्ये बरोबर ३० सेकंदांनी येणारे एरर दिसले की माग लागला समजा.

मग कोणीतरी १० चे ५० करतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकूण कनेक्शन्सची डीफॉल्ट मर्यादा १०० आहे आणि त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव असतात; मायएसक्यूएलमध्ये ती १५१ आहे. ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालवल्या की पोस्टग्रेसची मर्यादा ओलांडली. नवी आवृत्ती हळूहळू चढवताना जुन्या आणि नव्या प्रती काही काळ एकत्र जिवंत असतात, म्हणून हिशेब दुपटीने करायचा. एरवी व्यवस्थित असणारी साइट फक्त डिप्लॉयच्या वेळी का कोसळते, याचं उत्तर अनेकदा याच गुणाकारात असतं. शिवाय पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उघडतो, त्यामुळे पुष्कळ कनेक्शन्स दिली म्हणून तो वेगवान होत नाही, उलट मंदावतो.

पूल रिकामा होण्याची खरी कारणं बहुधा दोन असतात. पहिलं म्हणजे गळती: एरर आला की ज्या वाटेने कोड बाहेर पडतो तिथे कनेक्शन परत केलेलंच नसतं. दहा वेळा तो एरर आला की दहाही कनेक्शन्स गेली. हिकारीत गळती ओळखण्याची सोय आहे. ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ कनेक्शन धरून बसलेला कोड ती लॉगमध्ये दाखवते. ती जरूर चालू करा.

दुसरं कारण जास्त छुपं. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) उघडायचं, त्याच्या मध्येच बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक मारायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. ती सेवा मंदावली की तुमची डेटाबेस कनेक्शन्स तिच्या दारात ताटकळत उभी. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला आपणहून टाइमआउट (थांबण्याची मर्यादा) नसतो, जावाचं जुनं एचटीटीपी कनेक्शनही न सांगितल्यास अनंत काळ थांबतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक हाकेला टाइमआउट द्या आणि ती हाक ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. मला कुणी एकच दुरुस्ती सुचवायला सांगितली तर मी ही सांगेन.

सगळी मेमरी हीपला देणं

मशीनला ४ जीबी रॅम आहे म्हणून जावाच्या हीपची (ऑब्जेक्ट्स ठेवण्याच्या मेमरीची) कमाल मर्यादाही ४ जीबी ठेवली जाते. पण जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोग्रामला) हीपबाहेरही जागा लागते: मेटास्पेस (क्लासची माहिती), कंपाइल केलेला कोड, बफर, आणि ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी डीफॉल्टने १ एमबीपर्यंत. बेरीज रॅमच्या पुढे गेली की लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस मारून टाकतो. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये यातलं अक्षरही उमटत नाही, कारण सिग्नल ९ (तत्काळ मारण्याचा आदेश) मिळालेल्या प्रोसेसला शेवटचा शब्द लिहायलाही वाव नसतो. कंटेनर १३७ कोड देऊन बंद पडला असेल तर ते १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक ९ आहे. पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये, डीमेसग या कमांडने पाहा.

जावाचा स्वतःचा आउट-ऑफ-मेमरी एरर ही निराळी गोष्ट. तो लॉगमध्ये दिसतो आणि तिथे हीप अपुरा आहे किंवा कोडमध्ये गळती आहे. अशा वेळी हीप डंप (हीपमध्ये काय आहे याची फाइल) आपोआप लिहिणारा जेव्हीएमचा पर्याय आधीपासून चालू असला पाहिजे, आणि डंप मावेल एवढी डिस्कही मोकळी हवी. उलट टोकाची चूकही होते: मर्यादा काहीच दिली नाही तर जेव्हीएम साधारण एकूण रॅमच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच हीप वाढवतो आणि उरलेली रॅम पडून राहते.

हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून नाही

टर्मिनलमधून सुरू केलं की ॲप्लिकेशन छान चालतं, सिस्टम-डीकडे (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या यंत्रणेकडे) सोपवलं की पडतं. कारण तुमच्या शेलमध्ये जे तयार मिळतं ते सर्व्हिसला मिळत नाही. बॅश-आरसी या शेलच्या फाइलमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स तिला दिसत नाहीत. तिचं काम डीफॉल्टने मुळाच्या (/) डिरेक्टरीतून सुरू होतं, त्यामुळे सापेक्ष पाथने दिलेल्या फाइली सापडत नाहीत. व्हेरिएबल्स, कामाची डिरेक्टरी आणि यूझर हे सगळं युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टम-डीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा.

यूझरची भानगड विशेष त्रास देते. एकदाच, फक्त बघायला म्हणून, कोणीतरी सर्व्हर रूट (सर्वाधिकारी यूझर) म्हणून चालवतं. लॉगच्या आणि तात्पुरत्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे साध्या यूझरच्या सर्व्हिसला त्यात लिहिता येत नाही. कोड बदललेला नसताना ॲप्लिकेशन उठेनासं झालं तर फाइलींची मालकी तपासा. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला खास अधिकार लागतो, पण तेवढ्यासाठी अख्खं ॲप्लिकेशन रूट म्हणून चालवू नका. पुढे एन्जिनएक्स ठेवा.

उघड्या फाइलींच्या मर्यादेचंही तेच. लॉगिनसाठीच्या लिमिट्स फाइलमध्ये आकडा वाढवून सर्व्हिसला फरक पडत नाही. सॉकेटही (नेटवर्क कनेक्शन्स) फाइलमध्येच मोजले जातात, आणि सॉफ्ट मर्यादा अनेक ठिकाणी १०२४ असते. ती युनिट फाइलमध्येच वाढवावी लागते.

डिस्क भरली, फाइल उडवली, तरी भरलेलीच

एका रात्री आमच्या सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. टॉमकॅटची मुख्य लॉग फाइल अफाट फुगली होती. मी ती डिलीट केली आणि डिस्क शंभर टक्केच राहिली. पंधरा मिनिटं मी दुसऱ्या मोठ्या फाइली शोधत बसलो. खरी गोष्ट अशी की टॉमकॅटने ती फाइल उघडी धरली होती. नाव गेलं, पण धरलेली प्रोसेस सोडत नाही तोवर जागा परत मिळत नाही. अशा फाइली एलएसओएफ या कमांडच्या यादीत डिलीटेड म्हणून दिसतात. चालू लॉग डिलीट न करता जागच्या जागी रिकामी करायची असते. लॉगरोटेट (लॉग फाइली ठरावीक काळाने बदलणारं साधन) लावतानाही म्हणूनच, आधी प्रत काढून मग मूळ फाइल रिकामी करणारा पर्याय निवडतात. त्यात मधल्या क्षणाच्या काही ओळी गळू शकतात, तेवढं लक्षात असू द्या.

डिस्कवर जागा दिसतेय तरी लिहिता येत नसेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत का बघा. सेशनच्या लाखो छोट्या फाइलींनी हे होतं.

काही छोट्या, पण वेळ खाणाऱ्या गोष्टी

टॉमकॅट ९ वर चालणारं ॲप्लिकेशन १० वर ठेवलं की बऱ्याचदा सगळीकडे ४०४ येतं. कारण १० पासून जावाएक्स ही पॅकेजची नावं जकार्ता झाली. जुनं ॲप्लिकेशन वेबॲप्स-जावाईई या डिरेक्टरीत ठेवलं तर टॉमकॅट ते स्वतः बदलून घेतो. नाहीतर सध्या ९ वरच राहा.

एचटीटीपीएस प्रॉक्सीवर संपतं आणि ॲप्लिकेशनला वाटतं रिक्वेस्ट साध्या एचटीटीपीने आली. मग ते एचटीटीपीएसकडे पाठवत राहतं आणि ब्राउझर गोल गोल फिरतो. मूळ प्रोटोकॉल सांगणारा हेडर प्रॉक्सीने पाठवायचा आणि ॲप्लिकेशनने तो फक्त त्याच प्रॉक्सीकडून आल्यावर मानायचा.

फाइल अपलोडला ४१३ (फाइल फार मोठी) आलं तर एन्जिनएक्सची १ एमबीची मर्यादा आठवा.

सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालं, पण एन्जिनएक्स रीलोड केला नाही, म्हणून तो जुनंच दाखवत राहिला, हे नेहमीचं. ब्राउझरमध्ये चालतं आणि मोबाइल ॲपमध्ये नाही, असं असेल तर बहुधा मधलं सर्टिफिकेट साखळीत घातलेलं नसतं.

एजेपी (प्रॉक्सी आणि टॉमकॅट यांच्यातला एक प्रोटोकॉल) वापरत नसाल तर ८००९ पोर्ट बंद ठेवा. २०२० साली घोस्टकॅट नावाने गाजलेल्या त्रुटीत या पोर्टमधून सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशनच्या फाइली वाचता येत होत्या. पायथॉनच्या जँगो किंवा फ्लास्कचा डीबग मोड खऱ्या सर्व्हरवर कधीही नको.

बॅकअप आहे, रिस्टोअर कधी केलं?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली. तेव्हा लक्षात आलं की रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) होतच नव्हता: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप काढणारं साधन ९.२ चं. काम अपयशी झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी हाताने काढलेला स्नॅपशॉट होता, त्यावर साइट उभी राहिली; मधला डेटा गेला. त्यांनी हे सगळं मोकळेपणाने जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

म्हणून बॅकअपची फाइल तयार झाली एवढं बघून भागत नाही. दर महिन्याला एका वेगळ्या मशीनवर शेवटचा बॅकअप रिस्टोअर करा, महत्त्वाच्या टेबलांतल्या ओळी मोजा, सर्वात नवी नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा आणि या सगळ्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. साइट पडल्यावर सगळे तोच आकडा विचारतात.