नाक धुवायला मीठ कुठलं घ्यायचं आणि किती घालायचं

दिवाळीनंतर थंडी पडली की माझं नाक चोंदायला लागतं, त्यामुळे गेली काही वर्षं मी घरीच जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, करते आणि आता ओळखीतले बरेच जण विचारतात की मीठ कुठलं वापरतेस, सैंधव चालेल का, साधं आयोडीनवालं चालेल का. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी मीठ लागतंच कशाला ते बघू. आपल्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणा साधारण ०.९ टक्के असतो, म्हणजे एक लिटरला ९ ग्रॅम. नाकात तेवढंच खारट पाणी गेलं तर नाकाला ते परकं वाटत नाही. नुसतं साधं पाणी गेलं की आतली त्वचा ते शोषून फुगते आणि जी झणझण होते ती थेट मस्तकात जाते, पोहताना नाकात पाणी गेलेलं आठवत असेल तर तीच ती. मीठ जास्त झालं तर उलटं, चुरचुरतं आणि नंतर नाक कोरडं पडतं. पहिल्यांदा मी चिमटीने अंदाजे मीठ टाकलं होतं आणि अर्ध्यातच थांबावं लागलं, डोळ्यातून पाणी काढलं त्याने. म्हणून मिठाच्या जातीपेक्षाही माप महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे.

आता मीठ. हवं असतं ते फक्त शुद्ध सोडियम क्लोराईड, बारीक, पांढरं, बाकी काही न मिसळलेलं. आपल्याकडे खायच्या मिठात आयोडीन घालणं कायद्याने बंधनकारक आहे आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणूनही त्यात काहीबाही घातलेलं असतं, काहींच्या नाकाला ते टोचतं. एखाद दिवशी दुसरं नसलं म्हणून वापरलं तर आभाळ कोसळत नाही पण रोजसाठी नको. सगळ्यात सोपं म्हणजे मेडिकलमध्ये नाक धुवायच्या तयार पुड्या मिळतात, त्यात मीठ आणि खायचा सोडा मोजून भरलेला असतो, नवीन माणसाने पहिले आठ दिवस त्याच घ्याव्यात. सैंधव मला चालतं, त्यात सहसा आयोडीन नसतं, पण ते खाणीतलं दगडी मीठ, त्यात बारीक खडी असते. काचेच्या ग्लासात विरघळवून पाच मिनिटं ठेवा, तळाशी लालसर गाळ बसलेला स्पष्ट दिसतो, तो नाकात घालायचा नाही, वरचं पाणी निथळून घ्यायचं. मिठागराचं जाडं मीठ ओलसर असतं आणि खड्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे चमच्याचं माप साफ चुकतं. पादेलोण अजिबात नको. आणि बीपीवाल्यांसाठी जे कमी सोडियमचं मीठ मिळतं तेही नको, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, लोहवालं मीठही नको, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचूनच घ्या. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना लोणच्यासाठीचं पिकलिंग सॉल्ट सहज मिळतं, ते आयोडीन नसलेलं असतं.

माप असं: अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ. छोटा वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर केकसाठी वापरतात तो ५ मिलीचा मापाचा चमचा घ्या, बारीक मीठ भरा, शीग न लावता सुरीने सपाट करा, असा पाऊण चमचा. घरातला चहाचा चमचा नको, प्रत्येक घरात तो वेगळ्याच आकाराचा असतो. त्यात दोन चिमूट खायचा सोडा घातला की चुरचुर आणखी कमी होते (धुण्याचा सोडा नव्हे आणि बेकिंग पावडरही नव्हे, हे मुद्दाम सांगतेय). चव बघितली तर अश्रूंसारखी खारट लागायला पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत मात्र हयगय नको. नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका, फिल्टरचं किंवा आरओचंही नाही. नेग्लेरिया नावाचा अमिबा पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूत जाऊ शकतो, अमेरिकेत लुईझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं त्याने गेली. एवढ्या मिठाने तो मरत नाही. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, मी पाचेक मिनिटं ठेवते, मग झाकून कोमट होऊ द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, गरमही नाही आणि गारही नाही असं लागलं की झालं.

मग बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि नेतीपात्राची, म्हणजे नाक धुवायच्या तोटीच्या भांड्याची, तोटी वरच्या नाकपुडीत हलकेच टेकवा, पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून यायला लागतं. गिळू नका, मध्ये बोलू नका. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. झालं की वाकूनच पाणी निथळू द्या आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरा, एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. लगेच आडवं होऊ नका. नाकाचा स्प्रे चालू असेल तर तो धुतल्यानंतर मारायचा.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, घोळणा फुटत असेल किंवा नाकाचं-कानाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, लहान मुलांनाही आपल्या मनाने नाही. भांडं उकळलेल्या पाण्याने विसळून पालथं घालून कोरडं करा आणि उरलेलं मिठाचं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, ओतून द्या.