तणनाशकं एकत्र करताय? आधी बाटलीत बघा

डब्यावरचं ईसी, एसएल, डब्ल्यूजी, म्हणजे औषध कोणत्या रूपात आहे ते सांगणारी अक्षरं, वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. ईसी तेलकट असतं, पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. एसएल सरळ विरघळतं. डब्ल्यूजीचे दाणे मात्र आधी बादलीत ढवळून घ्यावे लागतात आणि मिश्रणात तेच पहिले टाकायचे. उलट केलं तर जाळीत गाळ अडकतो, नोझल तुंबतं.

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के एसएल हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर आणि काही गवतांवर चालतं. क्विझालोफॉप इथाईल ५ टक्के ईसी फक्त गवतांवर. शेतात दोन्ही प्रकारची तणं असतील तर घरगुती प्रयोगापेक्षा तयार मिश्रण बरं: प्रोपॅक्विझाफॉप २.५ अधिक इमॅझेथापायर ३.७५ टक्के एमई (अतिसूक्ष्म थेंबांचं मिश्रण), एकरी ८०० मिली, तणं दोन ते चार पानांवर असताना. केना हे तण पसरून कांड्यांना मुळं फुटली की मग खुरपंच काढा.

तरीही मिसळायचंच असेल, तर लेबलवर तशी परवानगी आहे का बघा आणि पारदर्शक बाटलीत लिटरभर पाण्यात पंपातल्याच प्रमाणात मिश्रण करून अर्धा तास ठेवा. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, थर सुटला किंवा बाटली गरम लागली, तर ते पंपात नको. उरलेलं कीटकनाशक ‘जाता जाता’ त्यातच ओतणाऱ्यांना काय सांगावं!