क्रियापदांखाली रेघ मारा: अपकृत्याचा प्रश्न सोडवायची माझी पद्धत

अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे ज्याबद्दल दिवाणी दावा करून भरपाई मागता येते असं गैरकृत्य) कायद्याच्या पेपरात 'अ' आणि 'ब' यांचं आठ-दहा ओळींचं एक भांडण देतात आणि खाली विचारतात, 'ब'ला कोणकोणते दावे करता येतील? अशा उत्तरपत्रिका मी बरीच वर्षं तपासते आहे. बहुतेक जण सगळं भांडण एका घासात गिळतात: 'अ'ने त्रास दिला, म्हणून बॅटरी (दुसऱ्याला जाणूनबुजून केलेला नकोसा स्पर्श). संपलं उत्तर.

तसं करू नका. पेन्सिल घ्या आणि 'अ'च्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. भांडण एकच असलं तरी दावे क्रियापदागणिक बदलतात. हा नमुना घ्या:

'ब' खुर्चीत बसून फाइल वाचतो आहे. 'अ' मागून येऊन मूठ उगारतो; 'ब'ला ते दिसत नाही. 'अ' त्याच्या हातातली फाइल हिसकावतो. 'ब' उठतो तेव्हा 'अ' म्हणतो, "म्हातारा नसतास तर दात पाडले असते." मग बाहेर जाऊन दाराला कडी लावतो. खोलीला मागे दुसरं दार आहे, ते उघडं आहे.

रेघा चार: उगारतो, हिसकावतो, म्हणतो, लावतो.

'उगारतो' म्हटलं की डोक्यात असॉल्ट (हल्ला) यायला हवा. इथे आपलं मराठीच आपल्याला फसवतं. रोजच्या बोलण्यात हल्ला झाला म्हणजे मार बसला. अपकृत्यात असॉल्ट म्हणजे मार बसण्याआधीचा क्षण: आता लागणार, असं समोरच्याला वाटणं. 1348 सालच्या इंग्लंडमधल्या एका खटल्यात रात्री वाइन मागायला आलेल्या माणसाने बंद दारावर कुऱ्हाडीचे घाव घातले. बाईने खिडकीतून डोकं काढून थांब म्हटलं, तर त्याने तिच्यावरच कुऱ्हाड चालवली. ती लागली नाही, तरी भरपाई द्यावी लागली. आपल्या 'ब'ला मात्र मूठ दिसलीच नाही. दिसली नाही म्हणून वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून असॉल्ट नाही. हे एक वाक्य लिहा आणि पुढे सरका.

'हिसकावतो' इथे थांबा, गुण इथेच आहेत. अंगाला हात लागला का? नाही. तरीही बॅटरी होऊ शकते, कारण हातात घट्ट धरलेली वस्तू अंगाचाच भाग मानतात. टेक्सासमधल्या 1967 च्या फिशर खटल्यात एका हॉटेलमधल्या क्लबच्या व्यवस्थापकाने रांगेत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय पाहुण्याच्या हातातली ताटली खेचून घेतली. शरीराला बोटही लागलं नव्हतं, भीतीही वाटली नव्हती. अपमान झाला होता. तेवढं पुरलं.

याच जागी हेतू लिहा, आणि नीट लिहा. हेतू इजेचा लागत नाही, स्पर्शाचा लागतो. विस्कॉन्सिनच्या 1891 च्या वॉस्बर्ग खटल्यात वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याच्या पायावर हलकीच लाथ मारली. त्या पायाला आधीच जखम होती. पाय कायमचा अधू झाला. इतकं होईल हे लाथ मारणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं, पण लाथ जाणूनबुजून होती, त्यामुळे सगळा परिणाम त्याच्या माथी. 'त्याला तसं करायचं नव्हतं' हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की माझं लाल पेन आपोआप उघडतं. कसं करायचं नव्हतं? लाथ मारायची नव्हती, की पाय मोडायचा नव्हता? उलट गर्दीतला धक्का किंवा लक्ष वेधायला खांद्यावर मारलेली टिचकी सोडून द्या. रोजच्या जगण्यात असा स्पर्श चालायचाच, हे 1984 च्या कॉलिन्स खटल्यात स्पष्ट केलेलं आहे.

'म्हणतो'साठी 1669 चा ट्युबरव्हिल खटला. तलवारीच्या मुठीवर हात ठेवून माणूस म्हणाला, न्यायाधीश गावात नसते तर तुझं बोलणं ऐकून घेतलं नसतं. म्हणजे आत्ता काही करणार नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. 'नसतास तर' याचा अर्थ तोच, म्हणून इथेही असॉल्ट नाही. शब्दांनी धमकी होते, तशी शब्दांनीच ती विझतेही.

'लावतो' पाहून 'दार लावलं, म्हणजे कोंडलं' असं लिहून मी विद्यार्थिनी असताना गुण घालवले होते. कोंडणूक चहूबाजूंनी लागते. 1845 च्या बर्ड खटल्यात लंडनच्या हॅमरस्मिथ पुलावर एकाला पुढे जाऊ दिलं नाही, पण आल्या वाटेने परतायला तो मोकळा होता. बहुमताने ठरलं, ही कोंडणूक नव्हे. मग आपलं मागचं दार? 'ब'ला ते माहीत आहे का, हे प्रश्नात दिलेलंच नाही. परीक्षकाने ते मुद्दाम गाळलं आहे, तेव्हा दोन्ही बाजू लिहा. माहीत असेल आणि तिथून सहज जाता येत असेल, तर दावा पडतो. अमेरिकन रिस्टेटमेंटप्रमाणे (तिथल्या कायद्याच्या तत्त्वांचं संकलन) माहीत नसलेली वाट ही वाट धरत नाहीत, तेव्हा तिथे दावा टिकेल.

बचाव यानंतर. संमती असेल तर कशाला होती ते पाहा: मिनेसोटाच्या 1905 च्या मोर खटल्यात संमती उजव्या कानाच्या शस्त्रक्रियेला होती आणि डॉक्टरांनी केला डावा. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी बॅटरीच. स्वसंरक्षण दोन ओळींत आटपा. धोका टळल्यावर मारलेला फटका त्यात बसत नाही.

नुकसान अगदी शेवटी लिहा, कारण या दाव्यांना ते सिद्ध करावं लागत नाही. 1830 च्या स्टीव्हन्स खटल्यात सभेत एक जण मूठ आवळून अध्यक्षांच्या अंगावर निघाला आणि पोचायच्या आधीच शेजारच्याने त्याला अडवला. असॉल्ट शाबीत झाला, भरपाई मिळाली एक शिलिंग.