ऑपरेटर प्रत्येक गोष्ट विचारायला येतो? आधी आपलं बोलणं बदला

सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) लेथवर जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, बर येऊ लागतो, म्हणजे कडेला धातूची बारीक कोर राहते. ऑपरेटर मशीन थांबवून येतो, "साहेब, बर येतोय." सुपरवायझर जागच्या जागी सांगतो, "इन्सर्ट बदला," म्हणजे हत्याराचं कापणारं टोक. काम झालं, पण पुढच्या वेळीही तो विचारायलाच येणार. पंधरा वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाला हे उत्तर ठाऊक असतं. ते त्याच्या तोंडून यायला आपण जागाच ठेवत नाही.

उत्तर माहीत असलं तरी आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे?" आणि थांबा. पाच-सहा सेकंदांची ती शांतता सुपरवायझरलाच सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. "धार गेली असेल," असं आलं की "कशावरून?" आणि मग "काय करूया?" एवढं पुरे, त्यापुढे उलटतपासणी वाटते. "असं का केलं?" टाळा, त्यात जाब ऐकू येतो. मात्र मशीनचा गार्ड (संरक्षक झाकण) उघडा असेल, कुणाला इजा होण्यासारखी स्थिती असेल, तिथे प्रश्न विचारत बसू नका. सरळ मशीन बंद करायला सांगा.

"तुमचं तुम्ही बघा" म्हटल्यानेही कुणी पुढे होत नाही. चुकलं तर मेमो (लेखी ताकीद) कुणाला, हे कळत नाही ना! म्हणून हद्द आखून द्या. उदाहरणार्थ, व्यासाचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±0.05 मिमी असेल, तर इन्सर्ट बदलणं आणि एका वेळी 0.02 मिमीपर्यंत ऑफसेट (माप साधण्यासाठी हत्याराच्या जागेत केलेली दुरुस्ती) देणं न विचारता. वहीत नोंद मात्र हवी. त्याहून जास्त ऑफसेट लागला, तर देण्याआधी बोलायचं. प्रोग्रॅम आणि फिक्स्चरला (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाला) विचारल्याशिवाय हात नाही. हे मराठीत आणि हिंदीत लिहून मशीनजवळ लावा.

टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो. टीम लीडर लगेच तिथे पोहोचतो आणि ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडे तसं बटण बसवतात, पण धावत आलेल्या साहेबांचा पहिला शब्द असतो, "कुणी थांबवली?" मग बटणावर धूळ बसते. पहिला शब्द "बरं झालं सांगितलंत" असा हवा, अडचण किरकोळ निघाली तरी.

खरी कसोटी चुकीच्या वेळी लागते. ऑफसेट उलट्या दिशेने गेला आणि बारा जॉब रिजेक्ट झाले, तर आधी विचारा, "ते जॉब वेगळे काढले का?" मग बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, "माप कितव्या जॉबला घेतलं होतं?" बहुतेकदा ऑफसेट दिल्यावरचा पहिला जॉब मोजायचा राहिलेला असतो, तो मोजायचाच हा नियम हद्दीच्या कागदावर वाढवा. हद्दीत राहून केलेल्या चुकीला मेमो नको. एक मेमो निघाला की दुसऱ्या शिफ्टपर्यंत बातमी पोहोचते आणि सगळे पुन्हा "साहेब, काय करू?" वर येतात.

सूचनापेटी असेल तर सात दिवसांत माणसाला भेटून उत्तर द्या. नकार असेल तर कारणासकट.

सुरुवात एका शिफ्टपासून करा. पहिले दोन आठवडे वेळ जास्त जाईल. रोज वहीत दोनच आकडे लिहा: किती जण विचारायला आले आणि किती जण करून सांगायला आले.