‘ओम्निपोतेन्स’ गाण्यापूर्वी

नागपुरात नाताळाच्या सुमारास लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतली गीते, बसवायला घेतली की सदर भागातल्या आमच्या गायनवृंदात देवनागरीत उतरवलेला कागद फिरू लागतो, आणि त्यावर ‘सर्वसमर्थ’ या अर्थाचा शब्द ‘ओंनिपोटेंस’ असा लिहिलेला असला तर चूक गळ्यात उतरण्याआधी लेखणीतच झालेली असते.

म्हणून आधी कागद दुरुस्त करावा. ‘ट’ खोडून ‘त’ लिहावा, कारण चर्चमध्ये रूढ असलेल्या रोमन धाटणीच्या उच्चारात हा वर्ण दंत्य आहे. इंग्रजीच्या सवयीने जीभ टाळूकडे वळते, पण ‘ताट’ मधला पहिला ‘त’ येथे जसाच्या तसा चालतो. अनुस्वारही काढावेत. ‘हंस’ म्हणताना आपण ‘स’पूर्वी शुद्ध ‘न्’ उच्चारत नाही, ध्वनी नाकात जातो; ‘पोतेंस’ वाचतानाही तेच होते. ‘तेन्स’ असे लिहिले की जीभ दातांमागे नीट टेकते. ‘ओम्नि’ मध्ये ओठ पूर्ण मिटून ‘म्’ स्वतंत्र ऐकू यावा.

‘ओम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘पोतेन्स’ म्हणजे समर्थ, त्यामुळे मराठी बायबलातला ‘सर्वसमर्थ’ हा शब्द सांध्याला सांधा जुळवून बसतो, याचा मला फार आनंद वाटतो.

खरी मेहनत आघातावर घ्यावी लागते, कारण मराठीत आघाताने शब्द तोलण्याची आपल्याला सवय नाही. मिस्सेतल्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतात ‘देउस पातेर ओम्निपोतेन्स’ येते, तेथे जोर ‘नि’वर पडतो. नायसियाच्या मतांगीकारात (ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत) मात्र ‘पात्रेम ओम्निपोतेन्तेम’ असे रूप आहे आणि जोर सरकून ‘तेन्’वर जातो, प्रेषितांच्या मतांगीकारातल्या ‘पात्रिस ओम्निपोतेन्तिस’चेही तसेच. वृत्तांचा लघु-गुरू ज्यांना ठाऊक आहे त्यांना कारण लगेच उमगेल: शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. देवनागरीत ‘पो’ दीर्घ दिसतो, पण लॅटिनमध्ये तो येथे ऱ्हस्व आहे. जोडाक्षरापूर्वीचा ‘ते’ मात्र आपल्या नियमाप्रमाणेच गुरू होतो.

तिन्ही रूपे पेटी बंद ठेवून, आघाताच्या अक्षरावर हलकी टाळी देत, आधी नुसती बोलून घ्यावीत. जर्मन संगीतकार बाखच्या बी मायनर मिस्सेत ‘पात्रेम ओम्निपोतेन्तेम’वर आख्खा समूहगानाचा भाग रचलेला आहे, तो किंवा दुसरी कोणतीही रचना गाताना ‘तेन्’वर स्वर लांबला, तर ‘ए’ शेवटपर्यंत उघडा ठेवावा आणि ‘न्’ पुढच्या ‘तेम्’ला लागूनच घ्यावा.