पोराला हायस्कूलच्या म्युझिकलमध्ये किंवा बँडमध्ये जायचंय?

अमेरिकेत सबर्बमधल्या पब्लिक हायस्कूलला मूल नववीत गेलं की आधी शाळेचं कॅलेंडर बघा. बऱ्याच ठिकाणी फॉलमध्ये नाटक आणि स्प्रिंगमध्ये म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक, असतं, त्याची ऑडिशन थंडीतच उरकते. अख्खं गाणं म्हणू देत नाहीत, १६ किंवा ३२ बार (तालाचे छोटे तुकडे) मागतात म्हणजे जेमतेम मिनिटभर, त्यामुळे उगाच चढे सूर दाखवायला जाऊ नका, जिथे आवाज मोकळा लागतो तोच तुकडा निवडा आणि पियानोवाल्यासाठी नोटेशनच्या शीटवर कुठून कुठपर्यंत ते पेन्सिलने मार्क करून न्या. आमची लेक फोनवर कराओके घेऊन गेली, चाललंच नाही 😅 मग क्रूमध्ये गेली, आणि खरं सांगू का, लाइट-साउंडवाली पोरंच जास्त मजा करतात.

मार्चिंग बँड (मैदानावर चालत वाजवणारा) हवा असेल तर ऑगस्टातली इंडिया ट्रिप विसरा, बँड कॅम्प बहुतेक शाळा सुरू व्हायच्या आधीच असतो, नंतर शुक्रवारच्या संध्याकाळी फुटबॉलच्या हाफटाइमला वाजवायचं असतं. वाद्य लगेच विकत घेऊ नका, महिन्याच्या भाड्याने मिळतं, ट्युबासारखी अवजड वाद्यं तर बरेचदा शाळाच देते. आणि हो, बूस्टर क्लबचा (मदत करणाऱ्या पालकांच्या गटाचा) ईमेल आला की स्नॅक स्टॉलला नाव देऊन टाका, रिहर्सल खरी किती वाजता सुटणार ते तिथेच कळतं.