पॉलिटिकल सायन्स घेतलंय? मग आधी विचारा, हे कोणाच्या हातात आहे

पीयूसीनंतर (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीनंतर) आर्ट्स घेऊन पॉलिटिकल सायन्स निवडलेली, नाहीतर केएएस (कर्नाटकची राज्यसेवा) किंवा यूपीएससीच्या नादाला लागलेली आपल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातली बरीच मुलं मला विचारतात की ताई, राज्यघटना कुठनं सुरू करू, कलमं काही केल्या डोक्यात राहत नाहीत. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं बेळगावात डिग्री आणि एमए, आता गेस्ट लेक्चरर म्हणून शिकवते. मला जे फार उशिरा कळालं ते तुम्हाला पहिल्याच वर्षी कळावं म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्या वर्षी मी नुसतं पाठांतर करत होते. इंटर्नलला प्रश्न आला, राज्याची सीमा बदलायची प्रक्रिया लिहा. मला वाटलं हा तर आपल्या घरातलाच प्रश्न, आपला भाग कर्नाटकात की महाराष्ट्रात हा वाद ऐकत, लहानपणापासून १ नोव्हेंबरला शेजारी राज्योत्सव आणि आमच्या गल्लीत काळा दिवस बघत मोठी झालेय, मला नाही येणार तर कोणाला येणार, आणि मी ठोकून दिलं की दोन्ही राज्यांच्या विधानसभांनी मंजुरी दिल्याशिवाय सीमा हलत नाही. सरांनी लाल पेननं एवढंच लिहिलं, 'कलम ३ परत वाच', आणि शेजारी शून्य. त्या रात्री ते कलम पहिल्यांदा नीट वाचलं. सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, तोही साध्या बहुमतानं. बिल आणायला राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्यायला पाठवावं लागतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. याचा पुरावा फार जुना नाही, जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं बिल फेटाळलं तरी २ जूनला तेलंगण झालंच.

घरी बाबांना हे सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे बंगळूरच्या पण हातात नाही आणि मुंबईच्या पण नाही? मग इतकी वर्षं आम्ही कुणाला सांगालोय?" बाबा सातवी शिकलेले, पण संघराज्य म्हणजे काय हे मला त्यांच्या प्रश्नानं शिकवलं. तेव्हापासून कुठलीही बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच, हे कोणाच्या हातात आहे, आणि ज्याच्या हातात आहे त्याचं दार कुठलं.

आपल्या एका तालुक्यातच यातली तीन दारं दिसतात बघा. सीमा बदलणं हे संसदेचं दार, कलम ३. पण या सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये जो दावा लावला तो सुप्रीम कोर्टात, कलम १३१ खाली, कारण दोन राज्यांत किंवा राज्य आणि केंद्रात हक्काचा वाद असला की तो थेट तिथंच सुरू होतो, खालच्या कोर्टातून चढत जावं लागत नाही. आणि तिसरं दार बघायला कणकुंबीला जा. मलप्रभा तिथंच उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि तिथनं जवळच देगावकडनं म्हादई निघते ती गोव्याला जाते. आम्ही मैत्रिणी पावसाळा संपता संपता गेलो होतो, माउलीच्या देवळात नमस्कार केला आणि मग म्हादईकडचं पाणी मलप्रभेत वळवायला काढलेलं कळसा नाल्याचं काम बघितलं, लाल माती उकरून केलेला तो लांबच लांब चर. पाणी हा राज्य सूचीतला विषय, नोंद १७, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या सूचीत, नोंद ५६. भांडण झालं तर कलम २६२ आणि १९५६ चा कायदा, म्हणजे लवाद. म्हादई लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३, आणि तरी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंच. त्या चराच्या काठावर उभं राहिल्यावर सातवी अनुसूची, म्हणजे केंद्र आणि राज्यांतली विषयांची वाटणी, मला जी कळाली ती वर्षभर वही घोकून कळाली नव्हती.

दुसरी गोष्ट, मूळ मजकूर वाचा. गाईड, नोट्स, यूट्यूब नंतर. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा मी एमएला असताना पहिल्यांदा उघडला. म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, काय काय येणार त्या यादीत बेळगाव जिल्हा आहे आणि त्याला जोडूनच लिहिलंय, चंदगड तालुका वगळून. बस्स, एवढंच. माझी आत्या चंदगडला दिली आहे. त्या दोन-तीन शब्दांमुळं तिची मुलं बारावी महाराष्ट्र बोर्डाची देतात आणि आम्ही पीयूसी, तिच्याकडं जमिनीचा सातबारा आणि आमच्याकडं त्याच उताऱ्याला आरटीसी. त्या पानावर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते. नंतर या सीमावादासाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ च्या अहवालात निपाणी आणि खानापूरसकट २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं असं म्हटलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही. इथं अभ्यास करताना एक लक्षात ठेवा, आयोग शिफारस करतो, कायदा करत नाही. परीक्षेत आणि चावडीवर दोन्हीकडं लोक इथंच घसरतात.

मूळ मजकूर वाचताना क्रियापदाकडं बघा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कलम ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून सोयी करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा असं आहे, प्रयत्न. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा हे जे आपण ऐकतो ते घटनेत नाहीच, ते १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेलं. पण त्याच्याच आधीचं कलम ३५० बघा, तक्रार निवारणाचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा प्रत्येकाला हक्क आहे. इथं प्रयत्न नाही, हक्क. बाबांचा उताऱ्यावरच्या नावाच्या चुकीचा अर्ज एका ऑफिसात मराठीत आहे म्हणून परत केला होता. मी दुसऱ्या दिवशी तोच अर्ज घेऊन गेले, खाली एक ओळ वाढवली, कलम ३५० अन्वये सादर, आणि काउंटरवरच्या माणसाशी कन्नडमध्ये शांतपणे बोलले. पोचपावतीचा शिक्का मिळाला. उत्तर कन्नडमध्ये आलं, ते मी बाबांना वाचून दाखवलं.

आणि म्हणूनच सांगते, कन्नड शिका, मनापासून शिका. केएएसला कन्नडचा पात्रता पेपर आहे, तो पास झाल्याशिवाय पुढचे मार्क धरत नाहीत, आणि मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, कन्नड किंवा इंग्लिशमध्येच लिहावी लागते. यूपीएससीची मेन्स मात्र मराठीत लिहिता येते, म्हणजे कुठली परीक्षा हे आधी ठरवा आणि मगच पुस्तकं घ्या. मी संज्ञांची वही तीन रकान्यांची केली होती, मराठी, कन्नड, इंग्लिश. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ याला कन्नडमध्ये शासकांग, कार्यांग, न्यायांग म्हणतात, किती सुटसुटीत. पण मसुदे या शब्दाला फसू नका, आपला मसुदा म्हणजे कच्चा खर्डा आणि कन्नडमध्ये मसुदे म्हणजे विधेयक, मी ट्रान्सलेशनमध्ये एकदा आख्खं उत्तर याच्यावर घालवलंय.

केसेस थोड्याच करा पण आतून करा. बोम्मई खटला, १९९४, तर सोडूच नका, कारण तो कर्नाटकाचाच आहे. १९८९ मध्ये एस. आर. बोम्मईंचं सरकार बरखास्त केलं, बहुमत आहे की नाही हे राज्यपालांनीच ठरवून टाकलं, आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुढं सांगितलं की बहुमताची परीक्षा सभागृहात व्हायला पाहिजे, राजभवनात नाही. संघराज्य हा घटनेच्या मूळ ढाच्याचा, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग आहे हेही तिथंच येतं. राज्यपाल, कलम ३५६ म्हणजे राष्ट्रपती राजवट, असले निम्मे प्रश्न या एका निकालातनं सुटतात.

आपला मतदारसंघ कुठला हेही एकदा नकाशावर बघा. खानापूर जिल्ह्यानं बेळगाव, पण लोकसभेला उत्तर कन्नड, म्हणजे आमच्या खासदाराचा मतदारसंघ पार कारवारच्या समुद्रापर्यंत जातो. वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना हे माहीत नसतं, मला फार वाईट वाटतं.

डिसेंबरच्या सुमाराला बेळगावच्या हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा आमदारांच्या ऑफिसात विचारून गॅलरीचा पास मिळतो का बघा. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी उसाच्या दरावर बोलणं चाललं होतं, अर्धं कन्नड कळत नव्हतं, तरी तीन तास हलले नाही. जाताना ती तीन रकान्यांची वही ठेवा जवळ, तिथं ऐकलेला शब्द दुसऱ्या रकान्यात लगेच जातो.